पाच बहिणींचं कीर्तन

मला सेमिनरीत पाठवायचं की नाही, यावरून आमच्या प्रेसबिटरीत चांगलीच वादावादी झाली. प्रेसबिटरी म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या मंडळ्यांचे, म्हणजे स्थानिक चर्चांचे, पाळक आणि वडील यांची सभा. वडील म्हणजे म्हातारेच असतात असं नाही. मंडळीनं निवडून दिलेले कारभारी, त्यांना आमच्यात वडील म्हणतात. या सभेनं होकार दिल्याशिवाय पाळकाचं शिक्षण घेता येत नाही, आणि शिकून आल्यावर दीक्षा द्यायची की नाही तेही तीच ठरवते. तोवर त्यांनी एकाही बाईला पाठवलं नव्हतं. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, तिशी जवळ आली होती, लग्न केलं नव्हतं. मला पाळक व्हायचंय असं मी अर्जात लिहिलं तेव्हा काहींना वाटलं, पोरीच्या हातून लिहिताना चूक झाली असेल, हिला बायबल-वुमन, म्हणजे घरोघरी बायकांना बायबल वाचून दाखवणारी, व्हायचं असेल.

"शिकू दे तिला," शेवटी अध्यक्ष म्हणाले. "शिकायला कशाला अडवायचं? दीक्षेचं पुढं बघू."

त्या 'पुढं बघू'च्या भरवशावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका जूनमध्ये मी मीटरगेजच्या गाडीत बसले. बंगलोरला उतरले तेव्हा अंगावर शहारा आला, इतका गारवा होता. जूनमध्ये स्वेटर घालून रिक्षा चालवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

सेमिनरी कॅंटोनमेंटच्या बाजूला होती. दगडी चॅपेल, उंच सिल्व्हर ओक, आणि मेसमध्ये तीन-त्रिकाळ सांबार. माझ्या वर्गात तमिळ होते, मल्याळी होते, तेलुगू होते, खासी होते. मराठी बोलणारं कुणी नव्हतं. शिकवणं सगळं इंग्रजीतून. दवाखान्यातलं इंग्रजी मला येत होतं, म्हणजे तापाचं, औषधांचं आणि डॉक्टरांना 'येस सर' म्हणायचं. इथं पहिल्याच आठवड्यात ग्रीक आणि हिब्रूची अक्षरं इंग्रजीतून समजून घ्यायची वेळ आली.

माझ्या खोलीत मिझोरामची एक मुलगी होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, गोरीपान, कमी बोलणारी. तिच्या सामानात कपड्यांची एक पिशवी होती आणि एक ढोल. लाकडाचा, दोन्ही बाजूंनी चामडं ताणलेला. त्यांच्याकडे चर्चमध्ये गाणी ढोलावर म्हणतात, पेटीवर नाही. मिझोरामात घराघरांत आमच्याच पंथाचे, प्रेस्बिटेरियन, तिचे आजोबाही पाळक. तरी त्यांच्या चर्चमध्ये बाईला दीक्षा मिळत नव्हती. तिला ते येण्याआधीच स्पष्ट सांगितलं होतं.

"मग तू कशाला आलीस?" मी विचारलं.

"हिब्रू शिकायला," ती म्हणाली. "मुलगे शिकतात, त्यांना दीक्षा मिळते, मग ते हिब्रू विसरतात. मी विसरणार नाही."

मला ती 'ऊ' म्हणायची. त्यांच्यात थोरल्या भावंडाला तसं म्हणतात. हिब्रूची क्रियापदं तिनं माझ्याकडून पाठ करून घेतली, तीही चालीवर, मांडीवर ताल धरून. माझं हिब्रू जे काही सुधारलं ते तिच्या मांडीमुळे, असं मी तिला नेहमी चिडवायचे.

दुसऱ्या वर्षी उपदेशशास्त्राचा वर्ग सुरू झाला. ते शिकवणारे सर तमिळ होते, स्कॉटलंडमध्ये शिकून आलेले. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढायचा नाही. प्रत्येकानं चॅपेलमध्ये व्यासपीठावर चढून वर्गापुढं उपदेश करायचा. सर मागच्या बाकावर टेपरेकॉर्डर लावून बसायचे. नंतर वर्गात कॅसेट वाजवायची, आणि सगळ्यांनी मिळून त्या उपदेशाची चिरफाड करायची.

माझी पाळी आली तेव्हा मी इंग्रजीत लिहून आणलं होतं. मुद्दे तीन, दाखले दोन, शेवटी प्रार्थना. वाचायला लागले. मला कागदावरून नजर वर करता येईना. वर केली तर ओळ हरवेल अशी भीती. कसंबसं संपवलं. कॅसेटवर माझाच आवाज ऐकताना मला वाटलं, ही कोण बाई? हिला कुणीतरी घरी नेऊन सोडा.

चिरफाडीला सुद्धा त्यात काही नव्हतं. सर हळूच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आम्हाला पेशंटचा रिपोर्ट वाचून दाखवलात. चूक एकही नाही. पण पेशंट कुठं आहे?"

वर्गात हसू फुटलं. मीही हसले, पण खोलीवर आल्यावर उशीत तोंड खुपसलं. मिझो मैत्रिणीनं चहा केला आणि माझ्या टेबलावर ठेवला, वर बशी झाकून.

त्याच वर्षी आम्हा दोघींना रविवारच्या कामासाठी पीण्यात, म्हणजे शहराच्या टोकाच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पाठवलं. सेमिनरीचा प्रत्येक विद्यार्थी एका मंडळीला जोडलेला असायचा. आमची मंडळी सगळी कामगारांची. मॅजेस्टिकला बस बदलायची, यशवंतपूर ओलांडायचं, की कारखान्यांच्या भिंती सुरू व्हायच्या. इतर दिवशी तिथं यंत्रांचा आवाज कानठळ्या बसवायचा. रविवारी एवढी शांतता की कावळे ऐकू यायचे. उपासना एका पॅकिंगच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये भरायची. मालक ख्रिस्ती नव्हता, पण रविवारी शेड रिकामी असते तर वापरा म्हणाला होता. पुठ्ठ्याचे गठ्ठे भिंतीला सारून मधे सतरंज्या घालायच्या. एका टोकाला लाकडी व्यासपीठ होतं, कुणीतरी जुन्या खोक्यांच्या फळ्यांचं छान घडवलेलं.

माणसं बहुतेक उत्तर कर्नाटकातली: हुबळी, विजापूर, गुलबर्गा. बेळगावकडचीही बरीच होती, त्यांना मराठी यायचं. मंडळीतले मुख्य वडील बेळगावजवळच्या एका खेड्यातले. गिअर बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. उंच, काळेसावळे, जाड मिशा, आणि बोलताना मराठी कुठं संपून कन्नड कुठं सुरू झालं ते कळू नये अशी भाषा.

पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं.

"हे बघा बाई," ते मला म्हणाले, "तुमी शिकाय आलाय, बरं झालं. पोरांना शिकवा, बायकांची प्रार्थना घ्या. पण व्यासपीठावर बाई चडायची न्हाई. माजं तुमच्याशी वैर न्हाई. आमची रीत आहे. सरी?"

"सरी," मी म्हणाले. सरी म्हणजे ठीक. दुसरं काय बोलणार?

मिझो मैत्रिणीला मी इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या गावासारखंच आहे. मला घरी आल्यासारखं वाटतंय." आणि मुलांना गाणी शिकवायला निघून गेली.

पुढचे कितीतरी महिने आम्ही तेच केलं. माझं कन्नड तिथंच सुरू झालं, अगरबत्तीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या घोळक्यात. मी चुकले की त्या खो खो हसायच्या आणि बरोबर शब्द सांगायच्या. इंग्रजीत चुकल्यावर जे व्हायचं, ते इथं होत नव्हतं. मी पुन्हा चुकायला तयार असायचे.

पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी त्या भागाचे पाळक आले नाहीत. त्यांना कावीळ झाली होती, निरोप उपासनेच्या वेळेलाच पोचला. शेड भरलेली. मुख्य वडिलांनी प्रार्थना केली, शास्त्रपाठ वाचला, दोन गीतं जास्त म्हणून झाली. मग ते तसेच उभे राहिले. उपदेश करायला कुणी नव्हतं. त्यांना स्वतःला वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की घाम फुटायचा. लोक वाट बघत बसले होते.

मी सतरंजीवरून उठले. "अण्णा," मी म्हणाले, "मी वर चढत नाही. इथंच खाली उभी राहून एक गोष्ट सांगू का?"

त्यांनी व्यासपीठाकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. मी खरंच जमिनीवर उभी होते. "गोष्ट सांगायला कोण नको म्हणतंय?" ते म्हणाले आणि खाली बसले.

हे मला सुचलं ते माझ्या वडिलांमुळे. ते प्रचारक होते. आमच्या ख्रिस्ती लोकांतही कीर्तनाची चाल आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. आमचे वडील कृष्णाकाठच्या गावोगावी कीर्तनं करत हिंडायचे. धोतर, कोट, उपरणं, हातात चिपळ्या. लहान असताना मी त्यांच्या मागं उभी राहून टाळ वाजवायचे. आधी पूर्वरंग, त्यात मुख्य विचार मांडायचा. मग उत्तररंग, त्यात गोष्ट. मधे मधे ध्रुपद, ते लोकांनी उचलायचं. आणि कीर्तनकार कधी व्यासपीठावर चढत नाही. तो लोकांत, जमिनीवर उभा असतो.

मी बायबलातली पाच बहिणींची गोष्ट घेतली. बाप वाळवंटातच मरून गेला, मुलगा नाही. पुढं देश मिळणार, जमिनी वाटल्या जाणार, पण नाव लागणार ते मुलग्यांचं. मग या बहिणी उठतात आणि तंबूच्या दाराशी, सगळ्या पुढाऱ्यांसमोर, अख्ख्या समाजासमोर जाऊन उभ्या राहतात. म्हणतात, आमच्या बापाचं नाव का पुसायचं? आम्हाला वाटा द्या.

ध्रुपद मी उभ्या उभ्या जुळवलं:

बापाचं नाव का पुसावं?
लेकींना वतन का नसावं?

दोनदा म्हटलं. बेळगावकडच्या बायकांनी उचललं. बाकीच्यांना अर्थ कळेना, तेव्हा मागून एक म्हातारी ओरडली, "कन्नडात सांग की!" मी अडखळत म्हटलं, "हेण्णु मक्कळिगू पालु कोडि." मुलींनाही वाटा द्या. ते तर अख्ख्या शेडनं उचललं. आणि कुठूनतरी ताल सुरू झाला. वळून बघते तर मिझो मैत्रिणीनं रंगाचा रिकामा डबा उलटा घातला होता आणि दोन्ही हातांनी त्यावर असा ठेका धरला होता की माझ्या वडिलांचा मृदंगवाला असता तर त्यानं तिला नमस्कार केला असता. तिला शब्द एक कळत नव्हता.

मग मात्र मला कशाची भीती राहिली नाही. बहिणी दाराशी जाताना एकमेकींना कशा ढकलत असतील, धाकटी कशी मागं सरत असेल, थोरली कशी डोक्यावरचा पदर सारखा करत असेल, ते सगळं मी करून दाखवलं. मुख्य पुढाऱ्याला उत्तर येईना, तो देवाकडे गेला. देवानं काय सांगितलं? इथं मी थांबले. माझ्या वडिलांचीच युक्ती होती ती, लोकांना थोडं तडफडू द्यायचं.

"काय सांगितलं?" पुढं बसलेल्या एका लेथवाल्यानं न राहवून विचारलं.

"देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात."

अगरबत्तीवाल्या बायकांपैकी कितीतरी जणींनी पदर डोळ्यांना लावला. एकीनं उभं राहून सांगितलं की तिच्या भावांनी तिला माहेरच्या उंबऱ्यावर उभं केलेलं नाही, आणि तिच्यासाठी प्रार्थना करा. आम्ही केली. मुख्य वडील डोकं खाली घालून बसले होते. मला नंतर कळलं, त्यांना तीन मुली. मुलगा नाही.

निघताना ते बसस्टॉपपर्यंत आमच्याबरोबर चालत आले. असं ते कधी करत नसत. बस आली तेव्हा म्हणाले, "अक्का, पुढच्या रविवारी कुठली गोष्ट?"

तोवर मी 'बाई' होते. त्या दिवसापासून अक्का झाले. व्यासपीठाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पुढं दीडेक वर्ष, पाळक दुसऱ्या मंडळीत गेलेले असले की, मी खाली उभी राहूनच बोलले. व्यासपीठ रिकामं असायचं, आणि लोकांना ते आता दिसेनासं झालं होतं.

सेमिनरीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला सगळ्या कॉलेजपुढं एक उपदेश करावा लागायचा. सगळे प्राध्यापक, सगळे विद्यार्थी हजर. त्याशिवाय पदवी नाही. मी उपदेशाच्या सरांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, मी कीर्तन करणार.

"कीर्तन हा उपदेश नव्हे," सर शांतपणे म्हणाले. "ती करमणूक आहे. भक्तीची करमणूक, पण करमणूक."

"सर, माझ्या वडिलांनी त्यातूनच उपदेश केला. कृष्णाकाठी आज ज्या मंडळ्या आहेत त्या त्यावर उभ्या राहिल्यात."

"शास्त्राचा अर्थ कुठं असतो त्यात? मूळ भाषेचा अभ्यास कुठं दिसतो?"

"दिसेल," मी म्हणाले. खरं तर तेव्हा कसा दिसेल ते मला माहीत नव्हतं.

प्रश्न प्राध्यापकांच्या बैठकीत गेला. मला आत बोलावलं. एक जण म्हणाले, हा प्रकार आपल्या परंपरेतला नाही. दुसऱ्यांना भाषेची अडचण. मराठी इथं कुणाला कळतं? मी म्हणाले, "मला चार वर्षं इंग्रजी समजून घ्यावं लागलं. तुम्हाला एक तास मराठी समजून घ्यावं लागेल. मी मदत करेन." मग हिब्रूचे सर, जे वर्गातही कधी हसायचे नाहीत, एकदम हसले. बाकीचेही हसले. परवानगी मिळाली, पण उपदेशाच्या सरांनी अट घातली: अर्थविवरण हिब्रूवरून केलेलं असलं पाहिजे, आणि ते कीर्तनात ऐकू आलं पाहिजे, नुसतं कागदावर नको.

मी आणि मिझो मैत्रीण लायब्ररीत त्या पाच बहिणींच्या गोष्टीवर बसलो. एक एक शब्द सोडवत गेलो. एका दुपारी तिनं बोट ठेवलं. "ऊ, हे बघ. त्या विनंती करत नाहीत. सरळ आज्ञा करतात. 'तेना लानू.' आम्हाला द्या." आणि तिनं टेबलावर बोटांनी वाजवलं. ते-ना-ला-नू. ते-ना-ला-नू. आम्ही एकमेकींकडे बघितलं. ध्रुपद तिथंच सापडलं. लायब्ररियननं आम्हाला बाहेर काढलं, कारण आम्ही गायला लागलो होतो.

टाळ हवे होते. ते शोधत मी चिकपेटला गेले आणि एका साडीच्या दुकानात पांढरी साडी बघता बघता दुकानदाराला मोडक्या कन्नडात विचारलं, टाळ कुठं मिळतील? त्यानं मला न्याहाळून मराठीत विचारलं, "तुमी महाराष्ट्राकडल्या काय अक्का?" मी थक्क. "आमी हितंच. किती पिढ्या झाल्या, ठावं न्हाई. घरात मराठीच बोलतो. बसा स्वल्प." त्यानं कॉफी मागवली. टाळ कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं. "तुमच्यात बी कीर्तन असतंय?" तो म्हणाला आणि खूश होऊन स्वतः मला गल्लीबोळांतून पितळेच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत घेऊन गेला. तिथं त्यानं तीन जोड वाजवून बघितले, दोन नापसंत केले, आणि तिसऱ्याला कान लावून म्हणाला, "हां, ह्यो बोलतोय."

कीर्तनाच्या दिवशी संध्याकाळी चॅपेल भरलं. मी पांढरी साडी नेसून पुढं उभी राहिले, व्यासपीठाच्या खाली, फरशीवर. मिझो मैत्रीण बाजूला, गळ्यात ढोल. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागचं दार उघडलं. पीण्याची मंडळी आली होती. फोरमन वडील पुढं, त्यांच्यामागं लेथवाला, अगरबत्तीवाल्या बायका, पोरंटोरं. कारखान्याचा टेम्पो मागून घेऊन आले होते. मी बोलावलं नव्हतं. मिझो मैत्रिणीनं बोलावलं होतं. बाकं भरलेली होती, म्हणून ते सरळ पुढं आले आणि माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. चॅपेलच्या इतिहासात तिथं खाली कुणी बसलं नसेल. फोरमन वडिलांनी माझ्या हातातले टाळ मागून घेतले.

"तू बोल अक्का," ते म्हणाले. "हे मी बघतो."

पूर्वरंग मी मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत केला, जिथं जी भाषा येईल ती. इंग्रजी आडवं आलं नाही. ते आता तीन भाषांपैकी एक होतं, त्याची काय भीती? मागणं आणि भीक यांत फरक काय, ते सांगितलं. हिब्रूतलं क्रियापद सोडवून दाखवलं, आणि मग म्हटलं, "आता तुम्ही म्हणायचं. तेना लानू!"

ढोल वाजला. पीण्याची मंडळी आधी म्हणाली. मग खासी मुलं. मग हिब्रूत नापास झालेले माझे सगळे वर्गमित्र, ज्यांना हे दोन शब्द पहिल्यांदाच गोड लागत असणार. तमिळ, तेलुगू, मल्याळी, सगळे. तेना लानू, आम्हाला द्या. लेकींना वतन का नसावं? पालु कोडि! छताखालची कबुतरं उडाली. हिब्रूचे सर डोळे मिटून मान डोलवत होते. मी बहिणींना दारापर्यंत नेलं, सगळ्यांसमोर उभं केलं, पुढाऱ्याला निरुत्तर केलं. आणि देवानं काय सांगितलं म्हणून थांबले. तेव्हा मला सांगावंच लागलं नाही. पीण्याच्या बायका उभ्या राहिल्या आणि त्यांनीच उत्तर दिलं. मुली बरोबर बोलतात.

दवाखान्यात बाळ पहिल्यांदा रडतं तेव्हा जे वाटायचं, तेच वाटत होतं.

चॅपेलमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती. लोक उठून उभे राहिले, एवढंच. सर मागच्या बाकावरून चालत पुढं आले. टेपरेकॉर्डर त्यांच्या काखेत होता. माझ्यासमोर उभे राहिले. सगळे ऐकत होते.

"उत्तररंग," ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी अगदी नीट उच्चारला, "थोडा लांबला."

मग माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. मला त्या वर्षीचे उपदेशाचे सगळ्यांत जास्त गुण मिळाले. पुढच्या वर्षीपासून विद्यार्थ्यांना आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीनं उपदेश करायची मुभा मिळाली, असं मला नंतर एका तेलुगू मुलानं सांगितलं. त्यानं म्हणे गोष्ट सांगून, नाचून उपदेश केला.

घरी परत आल्यावर दोन वर्षं परिवीक्षेत, म्हणजे उमेदवारीत, काढली आणि मग प्रेसबिटरीपुढं परीक्षा झाली. दिवसभर. सिद्धांत, इतिहास, चर्चचे नियम. एका पाळकांनी विचारलं, "तुम्ही आजारी पडलात, बाळंतपण आलं, तर मंडळीनं काय करायचं?" मी म्हणाले, "आमच्या तिकडं, पीण्यात, एका पाळकांना कावीळ झाली होती. मंडळीनं जे केलं तेच." पुढचा प्रश्न पटकन आला. मग मला बाहेर बसवलं आणि मतदान झालं. मी अंगणात चिंचेखाली उभी. अध्यक्ष बाहेर आले, तेच 'पुढं बघू' म्हणणारे. म्हणाले, "चला आत. बघितलं." विरोधात काही मतं पडली होती. विरोध करणाऱ्यांतले एक वडील तर दीक्षेच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडत होते.

मिझो मैत्रीण तिच्या दीक्षेची वाट बघत बसली नाही. ती मिझोरामात हिब्रू शिकवायला लागली. तिथले तरुण पाळक आज हिब्रू विसरले तर तिला तोंड दाखवू शकत नाहीत. माझ्या दीक्षेला ती आली, तीन दिवसांचा प्रवास करून. पीण्याचे फोरमन वडीलही आले, बायको आणि तिन्ही मुलींना घेऊन.

दीक्षा देताना आमच्यात पाळक आणि वडील गुडघे टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवतात. पाहुण्या वडिलांनाही अध्यक्षांनी पुढं बोलावलं. इतके हात डोक्यावर आले की मान वाकली. एक हात इतरांहून जड होता. मी वर न बघता ओळखला.

आमच्यात एक नियम आहे. दीक्षा न झालेल्या माणसानं उपासनेच्या शेवटी आशीर्वाद मागायचा असतो तो 'आम्हां सर्वांबरोबर असो' असा, हात न उचलता. 'तुम्हां' म्हणायचा आणि हात उचलायचा अधिकार फक्त पाळकाला. चार वर्षं सेमिनरीत, दोन वर्षं परिवीक्षेत मी 'आम्हां'च म्हणत आले होते. अध्यक्षांनी मला उठवलं, लोकांकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, "आता आशीर्वाद द्या, पाळकबाई."

मी दोन्ही हात उचलले. पहिल्या रांगेत माझी आई होती, शेजारी फोरमनच्या तिन्ही मुली, माना वाकवून. "तुम्हां सर्वांबरोबर असो," मी म्हणाले. माझा आवाज मंडपाच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेला असं लोक सांगतात. आमेन एवढं मोठं झालं की स्वयंपाकवाले पळत आले, त्यांना वाटलं जेवायला बसले सगळे.

आणि खरंच बसले. मटण, पोळ्या, भात. फोरमनच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पंगतीत ते माझ्यासमोर बसले होते, मिशीला रस्सा लागलेला. म्हणाले, "अक्का, मे महिन्यात सवड काढ. लग्न तूच लावायचंस. पीण्यालाच, आपल्या शेडमध्ये. आणि हे बघ, व्यासपीठ धुऊन पुसून ठेवलंय."

"मी खाली उभी राहीन," मी म्हणाले.

"न्हाई," ते म्हणाले. "वर चडायचं. मागच्या लोकांना नवरी दिसली पायजे आणि तू बी."

मी भाताचा घास घेतला आणि म्हणाले, "सरी, अण्णा."